डावा हात खिशात

माझ्या भाऊजींच्या प्रत्येक पँटचा डावा खिसा आधी फाटायचा. उजवा जसाच्या तसा आणि डाव्याच्या अस्तराची चाळण. ताई वर्षातून दोनदा सगळ्या पँटी पुढ्यात घेऊन बसायची आणि डावे खिसे नव्याने शिवायची. "नवरा केलाय की उंदीर पाळलाय," असं पुटपुटायची, पण टाके पक्के घालायची, कारण खिसा का फाटतो ते तिला ठाऊक होतं. भाऊजी ज्या यंत्रांच्या पोटात हात घालायचे त्यांत हजार-बाराशे व्होल्ट असायचे. दोन्ही हात आत असताना चुकून कुठे स्पर्श झाला, तर वीज एका हातातून शिरते आणि छातीतून जाऊन दुसऱ्या हातातून बाहेर पडते. म्हणून काम उजव्या हाताने करायचं आणि डावा खिशात ठेवायचा. चाळीस वर्षं त्यांनी हे पाळलं.

"हृदय दोन हातांच्या मध्ये ठेवलं, तिथे देवाचं डिझाइन चुकलं," भाऊजी म्हणायचे. "तुझ्या ताईने खिसा शिवून ते दुरुस्त केलं."

तरुणपणी ते एका रेडिओ केंद्रात प्रक्षेपणाची यंत्रं सांभाळायचे. ती यंत्रं भंगारात निघाली तेव्हा त्यातले बाटलीएवढे काचेचे व्हॉल्व्ह त्यांनी मुलांना जपावं तसे जपून घरी आणले आणि घरामागच्या गॅरेजात गाणी ऐकण्याचे अ‍ॅम्प्लिफायर बांधायला लागले. वर्षाला दोन, फार तर तीन. कोणी ऑर्डर द्यायला आला की आधी त्याच्या घरी जायचं, खोलीच्या चारही कोपऱ्यांत टाळ्या वाजवून आवाज कसा परततो ते ऐकायचं, तो ज्या खुर्चीत बसून ऐकणार त्या खुर्चीत स्वतः बसून बघायचं, आणि मगच हो किंवा नाही. एका बड्या वकिलाला त्यांनी तोंडावर सांगितलं होतं, "तुम्ही ऐकणार नाही, पाहुण्यांना दाखवणार. दुसरीकडे बघा."

मी गणिताचा मास्तर. निवृत्त झाल्यावर आयुष्यात एक तरी चैन करावी म्हणून एक जोडी मागितली, डाव्या स्पीकरला एक अ‍ॅम्प्लिफायर आणि उजव्याला एक. वाटलं होतं, घरचाच माणूस, लगेच मिळेल. "रांगेत उभा राहा," भाऊजी म्हणाले. सख्खा मेहुणा, आणि चार वर्षं रांगेत! शेवटी नंबर लागला, तेव्हा ज्या खोलीत शंभरदा चहा प्यायले होते त्या खोलीत ते रीतसर आले, चारही कोपऱ्यांत टाळ्या वाजवल्या, वहीत काहीतरी लिहिलं, खुर्चीत बसले. मग उठले आणि पुन्हा चारही कोपऱ्यांत टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, मेहुण्यासाठी जास्तीची काळजी. माझ्या अकलेची कमाल बघा.

पहिला अ‍ॅम्प्लिफायर चार महिन्यांत तयार झाला. दुसरा अर्ध्यावर आला असताना एका सकाळी ताई एकटीच घरी आली. पर्समधून रुमालात गुंडाळलेला स्क्रूड्रायव्हर काढला आणि टेबलावर ठेवला. त्याचं टोक वितळून गेलं होतं.

"तुला ती लाल पाटी माहितीये ना?" ती म्हणाली.

मला माहीत होती. असलं यंत्र बंद केलं, अगदी प्लग काढला, तरी त्यातले कॅपॅसिटर वीज धरून बसतात. म्हणून भाऊजींचा क्रम ठरलेला होता. स्विच बंद, प्लग बाहेर, मग टोकाला रेझिस्टर बांधलेली लाकडी काठी लावून साठलेली वीज उतरवायची, मीटरचा काटा शून्यावर आलेला बघायचा, आणि मग यंत्राला 'रिकामं' लिहिलेली लाल पाटी अडकवायची. ती पाटी दिसली की ताई निर्धास्त धूळ पुसायला जायची.

"पाटी लटकत होती," ताई म्हणाली. "मी फडकं मारलं, स्क्रूड्रायव्हर घरंगळून आत पडला आणि बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला. हे धावत आले. म्हणाले, मी काठी लावली होती. मग माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, लावली होती ना? मला विचारतायत!"

"डॉक्टरांना दाखवलंस?"

"दाखवलं. सुरुवात आहे म्हणाले. विसरणं वाढत जाणार." तिने डोळे पुसले नाहीत, स्क्रूड्रायव्हर परत रुमालात गुंडाळला. "ऑर्डर मागे घे. दुसऱ्या कोणाचं ऐकणार नाहीत, पण गिऱ्हाईकच नको म्हणालं तर काय करतील?"

मी गेलो. भाऊजी बाकाशी उभे होते, डावा हात खिशात. मी म्हणालो, एकच पुरे, खोली लहान आहे, हल्ली कानही पूर्वीसारखे नाहीत.

"मास्तर," ते म्हणाले, "तू खोटं बोलायला लागलास की चष्मा पुसतोस. आमच्या लग्नाच्या मांडवातसुद्धा पुसत होतास. ताईने पाठवलं ना?"

मी चष्मा डोळ्यांवर चढवला. त्यांनी ड्रॉवर उघडून दाखवला. आत चिठ्ठ्यांचा ढीग होता. 'चहा झाला.' 'किल्ली खिळ्याला आहे.' 'काठी लावली का? पुन्हा लाव.' त्यांना सगळं ठाऊक होतं, आमच्या कितीतरी आधीपासून.

"उद्या हे थांबवायचंच आहे," ते म्हणाले. "पण जोडी पुरी करू दे. अर्धं काम टाकून घरात बसलो तर दिवसभर काय करू? आपण काय काय विसरतोय ते बघत बसू? तू शेजारी बस. क्रमाने विचार, मी क्रमाने करतो. तुझं आयुष्य पोरांना 'लक्ष कुठे आहे' विचारण्यात गेलं. आता मला विचार."

मला नाही म्हणता आलं नाही. खरं सांगायचं तर मलाही जोडी हवी होती. ताई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने भाऊजींच्या कामाच्या पँटला जाड कॅनव्हासचा डावा खिसा शिवला आणि मला म्हणाली, "डोळ्यांत तेल घालून बस. त्यांना काही झालं तर तुझं तोंड बघणार नाही."

रोज नऊ ते बारा आम्ही बसायचो. भाऊजींनी आत हात घालण्याआधी दरवेळी मी विचारायचो.

"स्विच?"

"बंद."

"प्लग?"

"हा बघ, बाहेर."

"काठी?"

काठीच्या टोकाला चट् व्हायचं.

"मीटर?"

"शून्य. मास्तर, पास ना?"

चहा घेतला की नाही हे ते विसरायचे, माझ्या मुलीला मुलगा झाला की मुलगी हे विसरायचे. पण आत गेलेला हात एकदाही चुकला नाही. असे वीस दिवस गेले. ते खुशीत होते आणि खरं म्हणजे मीही होतो. माझ्या आवाजातली धास्ती गेली, आणि प्रश्न पाढ्यासारखे आपोआप यायला लागले. त्याच वेळी सावध व्हायला हवं होतं.

एकविसाव्या दिवशी सुताराने दुसऱ्या अ‍ॅम्प्लिफायरची लाकडी पेटी आणून दिली. भिंतीशी टेकवून ठेवली होती. पॉलिश इतकं सुरेख होतं की माझी नजर तिथेच जात होती. ही खिडकीच्या कोणत्या बाजूला शोभेल, याचा मी हिशेब करत होतो. भाऊजींनी व्होल्ट तपासले आणि यंत्र बंद केलं.

"स्विच?" मी विचारलं.

"बंद."

"प्लग?"

"बाहेर."

"मीटर? शून्य," मी म्हणालो. प्रश्नही माझा, उत्तरही माझं. पेटीवरची नजर मी हलवलीसुद्धा नव्हती.

भाऊजींचा उजवा हात आत गेला आणि थांबला. "मास्तर," ते अगदी हळू म्हणाले, "काठी विचारली नाहीस."

मी मीटरकडे बघितलं. काटा नऊशेवर होता.

त्यांनी हात सावकाश बाहेर काढला. काठी घेतली, लावली. चट्. काटा पडला. त्यांनी पाटी अडकवली. मी स्टुलावर बसलो, आणि त्यांनीच मला पाणी आणून दिलं. आयुष्यभर पोरांच्या वह्यांवर 'निष्काळजीपणा' असं लाल शाईने लिहिणारा मी! मला स्वतःची इतकी शिसारी आली की वाटलं, त्यांनी एक थोबाडीत मारावी.

ते रागावले नाहीत. "चूक माझी," ते म्हणाले. "माझ्या जिवाचं ओझं तुझ्या डोक्यावर द्यायला नको होतं. मी गेलो असतो, सुटलो असतो. तू ताईला काय तोंड दाखवलं असतंस?"

मग त्यांनी डावा हात खिशातून काढला. त्या बाकावर त्यांचे दोन्ही हात मी पहिल्यांदाच बघत होतो. दोन्ही हातांनी त्यांनी ती रिकामी पेटी उचलली, अर्ध्या यंत्रावर झाकणासारखी उपडी घातली आणि गॅरेजचा दिवा बंद केला. पुन्हा ते तिथे गेले नाहीत.

ताईला मी खरं सांगितलं नाही. भाऊजींनी सांगितलं नाही, आणि थोड्याच दिवसांत सांगण्याजोगं त्यांना आठवेनासं झालं. तिची समजूत अशी की ते आपणहून थकले. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती माझं कौतुक सांगते. प्रत्येक वेळी मला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटतं, आणि प्रत्येक वेळी मी गप्प बसतो.

आता दर रविवारी ती त्यांना माझ्याकडे आणते. ती त्यांच्या उजव्या बाजूने चालते, कारण डावा हात अजूनही खिशातच असतो. परवा ते त्याच खुर्चीत बसले, जिथे त्यांनी बसून बघितलं होतं. मी गाणं लावलं. डावा स्पीकर भरून वाजत होता. त्यांनी थोडा वेळ ऐकलं आणि मान उजवीकडे वळवली.

"या बाजूला काही नाही."

"दुसरा अ‍ॅम्प्लिफायर यायचाय," मी म्हणालो.

"बांधणारा कधी देतो म्हणाला?"

ताईने खिडकीकडे तोंड फिरवलं.

"घाई करू नकोस त्याला," भाऊजी म्हणाले. "आणि एक सांगतो, त्याच्या शेजारी कोणाला बसवू नकोस. शेजारी माणूस असला की आपण त्याच्या भरवशावर राहतो."

ताईने डोळे पुसले आणि हसून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "अहो, हाच तर बसला होता तुमच्या शेजारी. म्हणून निभावलं. हो ना रे?"

मी चष्मा काढला आणि पुसत बसलो.