चहानंतरची हाक

"मॅडम, मेंढरं आत घ्या."

समन्वयक सर असं म्हणाले आणि व्हरांड्यात चहा पीत उभे असलेले सगळे प्राध्यापक हसले. मीही हसले. कप कठड्यावर ठेवला, जीभ टाळ्याला लावली आणि आमच्या घरात आजोबांपासून चालत आलेली हाक मारली. लांब, घशातून. दौंडच्या त्या कॉलेजच्या भिंतींवर ती आदळून परत आली. कुणीतरी मागून "बॅऽऽ" केलं. सगळे रांगेनं वर्गात शिरले. एक जण तर मान खाली घालून, मेंढरासारखा अंग घासत गेला. फिजिक्सचा होता, पीएच.डी. झालेला.

मी सगळ्यांच्या शेवटी आत गेले. माझा कप कठड्यावर तसाच भरलेला राहिला.

हा वर्ग प्राध्यापकांना चांगलं शिकवता यावं म्हणून भरला होता.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी शिरूरच्या एका कॉलेजात भूगोल शिकवत होते. कायम झालेली नव्हते, प्रोबेशनवर होते. संस्थेच्या सचिवांनी ऑफिसात बोलावून सांगितलं होतं, "विद्यापीठाचा ओरिएंटेशनचा वर्ग करून या. चांगली ग्रेड आणा. मग कायम करायचं बघू." त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत तो वर्ग दौंडला होता. चार आठवडे. मराठीचे, केमिस्ट्रीचे, कॉमर्सचे, सगळे एकत्र. ग्रेड समन्वयक सरांच्या हातात. सचिव आणि समन्वयक एकमेकांच्या घरच्या लग्नात पहिल्या पंगतीला बसणारे. हे मला माहीत होतं. मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं.

पहिल्या दिवशी एकमेकांची ओळख करून द्यायचा कार्यक्रम झाला. सर म्हणाले, "इथं दुसऱ्या कुणाकडे नसेल असं काहीतरी स्वतःबद्दल सांगा." कुणी तबला सांगितला, कुणी ट्रेकिंग. माझी पाळी आली. मी कौतुकानं सांगितलं, की आमचं घर मेंढपाळांचं. वडिलांनी मेंढरं कमी करून शेती धरली, पण मला अजून कळपाला हाक मारता येते. आमच्या घराण्यात शिकून कॉलेजात उभी राहिलेली मी पहिलीच. मला त्याचा अभिमान होता. अजूनही आहे.

"अरे वा! मग होऊन जाऊ दे," सर म्हणाले.

मी मारली हाक. टाळ्या पडल्या. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी चहानंतर लोक लवकर आत येईनात. सरांनी माझ्याकडे बोट केलं. तिसऱ्या दिवशी बोटही करावं लागलं नाही, नुसत्या भुवया उडवल्या. मग ती रीतच पडली. शिपाई घंटा वाजवायचा बंद झाला. दुसऱ्या कॉलेजातून पाहुणे व्याख्याते यायचे, त्यांना सर मुद्दाम सांगायचे, "थांबा, आमची खास सोय बघा."

नाही का म्हणाले नाही, असं कुणी विचारेल. भीती वाटत होती म्हणून. पहिलं व्याख्यान सुरू झालं की मी घड्याळाकडे बघत बसायचे. फळ्यावर 'आवाजातील चढउतार' असं लिहिलेलं असायचं आणि मी मनात म्हणायचे, देवा, आज चहावाला येऊ नये. तो यायचाच. हातातला कप बशीवर वाजू नये म्हणून मी बशी घ्यायचंच सोडून दिलं.

या वर्गात प्रत्येकाला वीस मिनिटांचा पाठ घ्यायचा होता. बाकीच्यांनी विद्यार्थी व्हायचं, मग चुका सांगायच्या. त्याला प्रात्यक्षिक म्हणायचे आणि ग्रेड मुख्यतः त्यावरच. माझा विषय होता, ऋतूंप्रमाणे होणारं स्थलांतर. मी स्वतः नकाशा काढला होता. शिरूरच्या कोरड्या माळावरून घाट उतरून कोकणात जाणारी मेंढपाळांची वाट, कुठं पाणी, कुठं कुणाच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवायची, सगळं रंगांनी दाखवलं होतं. लहानपणी त्या वाटेनं मी घोड्यावर, भांड्याकुंड्यांच्या मध्ये बसून गेले होते. मला वाटायचं, एकदा हा पाठ होऊ दे. मग हे हसणार नाहीत.

माझं नाव आलं. मी नकाशा घेऊन उठले.

"मॅडमचं प्रात्यक्षिक तर रोजच होतंय की," सर म्हणाले. "वर्गनियंत्रण म्हणजे याहून वेगळं काय असतं? पुढचे कोण?"

वर्ग खदखदून हसला. पुढचे उठले. मी नकाशाची गुंडाळी मांडीवर घेऊन खाली बसले. माझ्याच कॉलेजातल्या इंग्रजीच्या मॅडम शेजारी होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "बरं झालं हो, सुटलात."

मी सुटले नव्हते. पाठ नाही तर ग्रेड नाही, ग्रेड नाही तर नोकरी नाही.

रविवारी एस.टी.नं घरी गेले. आमची वस्ती शिरूरकडच्या माळावर. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दहा-बारा मेंढरं अजून ठेवलेली. रस्त्याच्या पलीकडं नवीन ऊस उभा राहिला होता, गावातल्या मोठ्या बागायतदाराचा. मेंढरं चरत चरत तिकडं सरकली. आबा लांब विहिरीवर होते. तिथून ओरडले, "हाक मार गं पोरी! उसात घुसत्यात!"

मी तोंड उघडलं. आवाज आला नाही.

पुन्हा प्रयत्न केला. नुसती हवा. माळावर चिटपाखरू नव्हतं, तरी मला मागून कुणीतरी "बॅऽऽ" करील असं वाटलं. खरंच वाटलं. मी वळून बघितलं. तेवढ्यात पुढची चार उसात गेली. आबा धोतर सावरत, ठेचकाळत धावत आले. म्हातारा माणूस, घाबरून पांढरा पडलेला. त्या बागायतदाराच्या माणसांनी बघितलं असतं तर मेंढरं बांधून नेली असती आणि आबांना चावडीवर उभं केलं असतं. आबांनी कशीबशी ती बाहेर काढली. मग धापा टाकत बांधावर बसले.

"आवाज बसला का गं?"

मी रडायला लागले. सगळं सांगितलं. आबांनी मुंडाशानं तोंड पुसलं.

"हाक मारल्याव ती माणसं आत जात्यात. आत काय असतंय?"

"काय न्हाई आबा. भाषण."

"मंग फुकटची हाक झाली की ती. आपल्यात न्हाई मारत फुकट."

हे मला माहीत होतं. आमच्यात हाकेमागं चारा असतो, पाणी असतं, नाहीतर मुक्काम. दोनदा फसवलं की कळप तिसऱ्यांदा मान वर करत नाही. म्हणून पोरांनी खेळात हाक मारली तरी पाठीत धपाटा बसतो. हे सगळं माहीत असून मी रोज लोकांच्या हसण्यासाठी ती मारत होते.

"न्हाई म्हणलं तर नोकरी जाईल का?" आबांनी विचारलं.

"जाईल बहुतेक."

त्यांचाही चेहरा उतरला. "मला काय कळतंय त्यातलं. तू बघ," म्हणाले आणि मेंढरांकडं गेले.

सोमवारी चहा झाला. सरांनी भुवया उडवल्या. सगळे माझ्याकडे बघायला लागले. काही जण आधीच हसत होते.

"मी हाक मारणार नाही," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला, की मलाच परत म्हणावं लागलं. "मारणार नाही. माझं प्रात्यक्षिक राहिलंय. ते कधी आहे?"

सरांचं हसू तसंच राहिलं, डोळे बदलले. "गंमत कळत नाही का मॅडम? एवढं काय त्यात?"

"माझं प्रात्यक्षिक कधी आहे, सर?"

सगळे आपापल्या कपात बघायला लागले. इंग्रजीच्या मॅडमनी माझा पदर ओढला, "अहो, मारून टाका ना, दोन मिनिटांचं तर काम." मी भिंतीला टेकले होते. शिपायानं जाऊन घंटा वाजवली. लोक आत गेले.

प्रात्यक्षिक मिळालं नाही. माझ्या नावापुढं 'अपूर्ण' आलं. सचिव म्हणाले, "मोठ्या माणसांशी कसं वागावं हे शिकवलं नाही वाटतं घरी." प्रोबेशन एक वर्षानं वाढलं. स्टाफरूममध्ये माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहायला लागली. पुढच्या दिवाळीत पुन्हा तोच वर्ग, तेच दौंड, तेच समन्वयक.

मी गेले. भीती कमी झाली होती असं समजू नका. एस.टी.तून उतरल्यावर स्टँडच्या मागं जाऊन मी ओकले. तोंड धुतलं. नकाशाची गुंडाळी काखेत घट्ट धरली आणि कॉलेज गाठलं.

"आल्या का आमच्या मेंढपाळ मॅडम!" सर भर वर्गात म्हणाले. नवीन लोकांनी माना वळवल्या. "यांच्याकडे एक खास गोष्ट आहे बरं का."

मी उभी राहिले. नाव सांगितलं. भूगोल शिकवते म्हणून सांगितलं.

"आम्ही मेंढपाळ आहोत, हे खरंय. आमची हाक आमच्या मेंढरांसाठी आहे. ती इथं ऐकायला मिळणार नाही, आजही नाही आणि शेवटच्या दिवशीही नाही. माझा पाठ कोणत्या दिवशी आहे, सर?"

"बघू ते नंतर. बसा."

"दिवस सांगा. मग बसते."

कुणी हसलं नाही. कुणी टाळीही वाजवली नाही. या वर्षी नापास केलं तर पुढच्या वर्षी येईन, नोकरीवरून काढलं तर कशासाठी काढलं ते त्यांना सगळ्यांसमोर बोलायला लावीन, पण यापुढं भुवयांच्या इशाऱ्यावर माझ्या घशातून आवाज निघणार नाही, हे मी ठरवून आले होते. सरांनी पुन्हा बसा म्हटलं.

मी बसले नाही.