गप्प बसायची शिकवणी

हसणार नसाल तर सांगते. आमच्या घरात एक नियम आहे: मोठ्या माणसानं विचारलं की उत्तर द्यायचंच. गप्प बसणं म्हणजे उर्मटपणा. आणि 'का?' विचारणं तर त्याहून मोठा उर्मटपणा! मी एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तरी मोठ्या काकांपुढं कायदा चालतो तो हाच.

माझी फजिती झाली ती या नियमापायी.

दादा वाळूजला एका कंपनीत आहे. एका शनिवारी तिथल्या गोडाऊनमधून तांब्याची वायर चोरीला गेली. पोलीस एकेकाला विचारायला लागले. मग मी रविवारभर दादाची शिकवणी घेतली.

"स्वतःला अडकवणारं उत्तर द्यायची सक्ती कोणावरच नसते. वकील येईपर्यंत तोंड उघडायचं नाही."

"अगं, पण मी काही केलंच नाय!"

"म्हणूनच गप्प बस!"

सोमवारी सकाळी हवालदार घरी आले. साधे कपडे, चपला दाराबाहेर काढलेल्या. आल्या आल्या आईला विचारलं, "ताई, माहेर कुठलं?"

"कन्नडकडचं."

"व्हय? मग आमची बहीणच की तुम्ही!"

झालं! हवालदारांचे मामा झाले. चहा आला, चिवडा आला. मामांनी माझ्या परीक्षेची चौकशी केली, काकांच्या गुडघ्याची केली. मग बशीत फुंकर मारत दादाला म्हणाले, "शनिवारी शिफ्ट सुटल्यावर सरळ घरी आलास का रे?"

दादा गप्प. शाब्बास!

मामा वाट बघत राहिले. काका खाकरले. "मोठं माणूस विचारतंय," आई पुटपुटली. आणि मला, दादाच्या होऊ घातलेल्या वकिलाला, चक्क लाज वाटली हो! पाहुण्याला असं ताटकळत ठेवतात का?

"नाही मामा, तो गोडाऊनकडं परत गेला होता. डबा विसरला होता ना!"

मामांनी बशी खाली ठेवली. "असं व्हय! लई बरं केलंस सांगितलंस, पोरी."

दादानं माझ्याकडं नुसतं पाहिलं. तेव्हाही तो बोलला नाही. इतका गुणी विद्यार्थी! संध्याकाळी त्याला अटक झाली.

काल मामा माझा जबाब लिहून घेऊन आले. त्यात दादा 'घाबरत घाबरत, पिशवी घेऊन' परत गेला होता. डब्याचं नावच नाही!

"सही कर," काका म्हणाले. "मोठ्यांपुढं शहाणपणा नको."

"पोलिसांपुढच्या जबाबावर सही करायची नसते, काका, कायद्यातच आहे तसं. आणि हे मी बोललेलंच नाही. नाही करणार सही."

"अगं, ते विचारायलेत ना तुला—"

"विचारू द्या! तुमच्या नियमानं एकदा उत्तर दिलं मी. ते दादा भोगतोय."

काका गप्प झाले. आई गप्प झाली. मामा चहाला न थांबता निघून गेले.

घर कसं शांत शांत झालं. एवढीच शांतता त्या सोमवारी मला एक कप चहा संपेपर्यंत जमली असती, तर दादा आज हर्सूलच्या जेलात नसता.