कामिलाला सांगितलेला पत्ता

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही अर्धंच माहीत आहे. तुम्हाला का सांगतेय — ते मलाही नीट ठाऊक नाही.

दोन हजार चौदाच्या सुमारास, न्यूझीलंडमधल्या पोरिरुआत राहायला आल्यावर मी अकाउंटिंगचा ऑनलाइन डिप्लोमा घेतला. सगळा वर्ग स्क्रीनवर. असाइनमेंटसाठी जोडीदार मिळाली कामिला — चिलीहून आलेली, विशीतली, एकटी. हुशार होती. ताळेबंद माझ्याआधी जुळवायची, मग मला समजवायची.

पहिल्याच आठवड्यात तिनं विचारलं, "मी पोरिरुआत राहते. तू?"

मी म्हटलं, "हॅमिल्टनला. 'ते रापा' भागात."

हॅमिल्टन पाचशे किलोमीटरवर; तिथे आम्ही आधी राहिलो होतो, त्यामुळे थाप सहज जमली. का मारली? — मला अभ्यास हवा होता, माणूस नको होतं. एकदा चहाला बोलावलं की पोरगी दर रविवारी येऊन बसणार, असा माझा हिशेब. कॅमेराही बंद ठेवायचे. नेट स्लो आहे म्हणून सांगायचे. नवरा म्हणाला, "अगं, ती काय तुझ्याकडे राहायला येतेय?" मी त्याला गप्प केलं.

मग गणपती आले. दर्शनाला आमंत्रण लागत नाही, आमचं दार उघडंच. ओळखीच्यांच्या ओळखीचेसुद्धा मोदक खाऊन गेले. दाराबाहेर जँडल्सचा, म्हणजे चपलांचा, ढीग. त्याच संध्याकाळी आमचा कॉल होता, आणि आरतीची घंटा तिला ऐकू गेली.

"घरी पार्टी आहे?"

"पूजा आहे. हीप्स लोक आलेत, घर भरलंय."

"सगळे नातेवाईक?"

"छे, कुणीही येतं. बोलवावं लागत नाही."

हे मीच म्हटलं — आणि तेही मिरवत.

"आज मी दिवसभर कुणाशी बोललेच नाही," ती म्हणाली. "तू जवळ असतीस ना, तर आले असते."

आम्ही दोघी एकाच गावात; ती चालत येऊ शकली असती. 'ये' एवढंच म्हणायचं होतं. तोंडाशी आलं होतं का? — नाही. मनात आलं ते इतकंच, की आता खरं सांगितलं तर मी खोटारडी ठरेन.

मी म्हटलं, "चल, पुढचा प्रश्न घेऊ."

तिनं घेतला. नेहमीसारखा समजावूनही दिला.

पुढच्या सत्रात ती वर्गात नव्हती. चिलीला परत गेली, असं ट्यूटर म्हणाल्या. तिचा ईमेल माझ्याकडे होता — आजही आहे. लिहिता आलं असतं. मी लिहिलं नाही.