चढावरचा गिअर

यंत्राला आदर दिला, की ते माणसाशी इमान राखते. निदान दसऱ्याला आमच्या सोसायटीचे अध्यक्ष माईकवरून तसे म्हणाले, आणि त्यांनी पार्किंगमधल्या प्रत्येक वाहनाला झेंडूचा हार घातला. माझ्या बायकोच्या, मेधाच्या, सायकलला तर दोन मिळाले: एक हँडलला, एक मागच्या चाकाला.

त्यानंतर गिअर टिकेना. मेधा टेकडीवरच्या शाळेत हंगामी शिक्षिका आहे. चढावर हलका गिअर टाकला की साखळी खाडकन उडायची आणि ती सायकल ढकलत उशिरा पोहोचायची. शुक्रवारी मुख्याध्यापिका म्हणाल्या, आता उशीर झाला तर येऊच नका.

रविवारी दुपारी मी सायकल उलटी केली. केबल ताणली, सैल केली, दिसतील ते स्क्रू पिळले. चाक हवेत असताना सगळे गिअर शहाण्यासारखे पडत होते. मेधा बसली की पुन्हा खाडकन. भार नसला की मीसुद्धा नीटच चालतो.

"अरे, पुरे आता," ती रडकुंडीला आली. "ही नोकरी गेली तर दुसरी कोण देणार आहे मला?"

मी मागचे चाक काढले आणि पहिल्यांदाच वाकून आत पाहिले. वस्तूंना आपण वर्षातून एकदा नमस्कार करतो, पण त्यांच्याकडे बघायचे राहून जाते. नमस्कार करताना डोळे मिटलेले असतात, हेही कारण असेल.

हलक्या गिअरच्या मोठ्या दातेरी चकतीच्या फटीत हाराचा दोरा घट्ट गुंडाळला गेला होता.

सोमवारी मेधा घंटेच्या आधी शाळेत पोहोचली, बिनहाराच्या सायकलवरून.