शलूला कसं सांगू, शांताआंटी?

आज पहाटे शांताआंटी मेल्या.

'मेल्या' असंच लिहितेय. लहान लेकरांच्या आयांनी दुसरा शब्द वापरलेला त्यांना चालायचा नाही.

सकाळपासून चर्चच्या ग्रुपवर मेसेज येतायत, 'प्रभूमध्ये झोपी गेल्या'. बरोबर आहे, आपण सगळे तसंच लिहितो. पण आंटी महिला सभेत नेहमी बजावायच्या, "मोठ्यांना काय बी लिवा. लेकराला मातर झोपली म्हनू नका. रातीला डोळं मिटायला भितंय मग."

आणि माझी शलोमी, म्हणजे शलू, पाच वर्षांची. बारा वाजता बालवाडीतून येणार होती.

नऊ वाजल्यापासून दोनदा चहा केला, दोन्ही वेळा उतू गेला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. शांताआंटी म्हणजे आमच्या नारायणगावच्या चर्चमधल्या रिटायर्ड बालवाडी बाई. रविवारी उपासना सुटली की आम्ही सगळ्या तरुण आया त्यांना घेराव घालायचो. आंटी, मुलांना कोणतं पुस्तक वाचून दाखवू? आंटी, आईसाठी काही चांगलं आहे का?

त्यांची परीक्षा एकच. "कडेवर पोर आन् हातात उलथनं धरून जे वाचता येत न्हाई, ते आईसाठी लिवलेलंच नाय."

एकदा मी पुण्याहून एक भाषांतरित पुस्तक आणलं होतं. ख्रिस्ती आईनं पहाटे उठून तासभर एकांतात बसावं, असं पहिल्याच पानावर. आंटींनी चष्मा वर केला.

"हिच्या घरी गाय नसंल."

संपलं परीक्षण. 😄

मी मुळातच काळजीखोर. त्यात आम्ही पिंपळवंडीत मळ्यात राहतो, घराला लागून ऊस. उसात दडणाऱ्या बिबट्याचं तुम्हाला काय सांगायचं, इकडच्या प्रत्येक आईला माहीत आहे. गेल्या वर्षी शेजारच्यांचा कुत्रा बिबट्यानं अंगणातून नेला, तेव्हापासून माझी झोपच उडाली होती.

त्याच दिवसांत आंटींनी शलूसाठी एक चित्रांचं पुस्तक दिलं. त्यात सिंहांच्या गुहेत टाकलेल्या माणसाची गोष्ट होती. देव सिंहांची तोंडं बंद करतो, ती. शलूला ती एवढी आवडली की रोज तीच.

मला बरं वाटायचं. पोरगी धीट होतेय, म्हटलं.

आणि एका संध्याकाळी शलू घरात नाही.

मी हाका मारत सुटले. शलूबाई उसाच्या बांधावर उभी. हात जोडलेले, डोळे गच्च मिटलेले. उसाकडं तोंड करून देवाला सांगतेय, "बिबट्याचं तोंड बंद कर. आमेन."

मी तिला उचलली आणि पळत घरी आणली. पाठीत एक धपाटा घातला. मग दोघी रडलो.

दुसऱ्या दिवशी पुस्तक घेऊन तरातरा आंटींच्या घरी. "हे घ्या तुमचं पुस्तक. माझी पोरगी गेली असती!"

आंटींनी चपला घातल्या आणि माझ्या स्कूटीवर मागं बसल्या.

"चल. तुझ्याशी न्हाई, तिच्याशी बोलायचंय."

घरी येऊन शलूला समोर बसवलं.

"त्यो मानूस गुहेत कसा गेला गं?"

"राजाच्या माणसांनी टाकला."

"आपल्या पायानं गेला व्हता का?"

"नाय."

"आन् तू?"

शलू फ्रॉकची कड चावत बसली.

"कुनी टाकलं तर देव हायेच. पन आपनहून जायाचं न्हाई. दिस मावळला की आईजवळ. कळलं?"

तेव्हापासून शलू अंधार पडायच्या आत घरात. एकदाही सांगावं लागलं नाही.

त्या दिवशी आंटी निघाल्या तेव्हा मी विचारलं, "आंटी, माझी भीती जाईल असं एखादं पुस्तक सांगा ना."

लई हसल्या. "बिबट्याच्या गावात न भिनारी आई काय कामाची? भी की तू. फकस्त तिला खरं सांगत जा. आन् सांगून झालं की ती काय समजली ते इचार."

आज बारा वाजता व्हॅन आली. सासूबाई म्हणाल्या, "एवढ्याशा पोरीला काय सांगतीस? गावाला गेली म्हन."

मी शलूचे बूट काढता काढता सांगितलं. आवाज कापत होता.

"शलू, शांताआंटी मेल्या. आता त्या आपल्याकडं कधीच येणार नाहीत."



"बिबट्यानं नेलं?"

बरं झालं विचारलं. नाहीतर पोरगी ते मनात घेऊन बसली असती.

"नाही गं. म्हाताऱ्या झाल्या होत्या, आजारी होत्या. घरीच होत्या, त्यांचा मुलगा जवळ होता."

"दुखलं त्यांना?"

"थोडं दुखलं असेल. आता नाही दुखत."

"मग तू का भितीस?"

खरं तेच सांगितलं. "आता काही अडलं तर कोणाला विचारू, कळत नाही मला."

शलू स्वतःच पुन्हा बूट घालायला लागली, उजवा डाव्या पायात.

"चल ना मग. आंटीकडं जाऊ."

"त्या बोलणार नाहीत, शलू."

"माहितीय. मेल्यात ना. आपण बोलू."

सासूबाईंचं म्हणणं अजून तेच आहे, लेकराला मातीला, दफनविधीला नेत नाहीत. मलाही धाकधूक आहे. तिथं ती काय बघेल, काय विचारेल, मला उत्तर येईल का, काहीच माहीत नाही.

पण स्कूटी काढलीय. शलू पुढं उभी आहे.

येतोय आम्ही दोघी, आंटी. शेवटचा सलाम करायला.