खोट्या नावाचा नंबर

फिनेलचा वास आला की मला अकोल्यातला तो मानसोपचाराचा दवाखाना आठवतो. वाशीमच्या कोर्टात वकिली करता करता माझी झोप उडाली होती. तारखेच्या दिवशी सकाळी काळा कोट अंगावर चढवून मी तो पुन्हा खुंटीला टांगायची. गावात कुणी बघेल म्हणून मी मेडशीमार्गे एसटीने एवढ्या लांब उपचाराला जायची. त्या दुपारी बाकावर घामाघूम बसले होते. कंपाउंडरने एक नाव पुकारलं, पण कुणी उठेना. तो पुन्हा ओरडला, तेव्हा कोपऱ्यात तोंडाला रुमाल बांधून बसलेला माणूस दचकून उठला. मी त्यांना चालण्यावरून ओळखलं. जमिनीच्या एका दाव्यात माझ्याविरुद्ध उभे राहणारे ज्येष्ठ वकील होते ते, पण पुकारलेलं नाव त्यांचं नव्हतं. डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आल्यावर ते माझ्याजवळ थांबले. "म्याडम, तुमी इथं काहून?" "डोकं दुखते," मी म्हटलं. "मलेबी तेच," ते म्हणाले आणि आवाज खाली आणून पुढे बोलले, "कोणाले सांगू नका. पक्षकार म्हणतीन, वकीलच येडा झाला." माझीच भीती त्यांच्या तोंडून ऐकून मला त्यांचा भयंकर राग आला, आणि तेवढ्यात कंपाउंडरने मी नंबर लावताना दिलेलं माझ्या मावशीचं नाव पुकारलं, तशी मी उठले. पुढे त्यांनी वकिली सोडली. आता ते शेलूबाजारकडे शेती बघतात. बार रूममध्ये सगळे म्हणतात, त्यांचे गुडघे गेले. नव्या वकिलांनी विचारलं, की मीही अजून गुडघेच सांगते.