दौलतभाऊंच्या छपरीत दोन गावं

बाबांचा फोन आला तेव्हा मी ब्रह्मपुरीच्या बसस्टँडवर सावली गावाकडे जाणारी जीप भरायची वाट बघत होते. "भाऊ गेले," एवढंच ते बोलले. मग म्हणाले, "आता तुडूम कोण उघडन, बाई?" मला राग आला. माणूस गेला आणि यांना तलावाचं पाणी सोडायच्या मोरीची काळजी! जीपमध्ये बसल्यावर लक्षात आलं, की माझ्याही मनात तेच चाललं होतं. रडू आलं ते त्यानंतर. ते भाऊंसाठी होतं की बाबांच्या कपाळावरच्या टाक्यांसाठी, हे मला अजून सांगता येत नाही.

दौलतभाऊ एकेकाळी मंत्री होते. मी पाहिले ते मंत्रिपद जाऊन बरीच वर्षं झालेले, बंडी घातलेले, स्वतः बैलांना पाणी दाखवणारे म्हातारे. त्यांचं शेतावरचं कौलारू घर आमच्या खालच्या गावाच्या आणि तलावाकाठच्या वरच्या गावाच्या बरोबर मध्ये आहे. बाबा सांगतात, निवडणुकीच्या आधी तिथे लाल दिव्याच्या गाड्या उभ्या राहायच्या, आणि कोणाविरुद्ध कोण लढणार हे घरापुढच्या त्या छपरीतच ठरायचं. पुढे गाड्या थांबल्या. उरली ती आमच्या दोन गावांची लढाई. आमचे धान निसवले, लोंब्या बाहेर आल्या, की आम्हाला तलावाचं पाणी पाहिजे, आणि वरच्या गावातल्या मासेमारी करणाऱ्या ढिवर कुटुंबांनी तलावात मासोळीचं बीज सोडलेलं असतं, म्हणून त्यांना ते पाणी तलावातच पाहिजे. दरवर्षी दोन्ही गावं भाऊंकडे जायची, आणि मग भाऊ स्वतः तलावाच्या बांधावर, पाळीवर येऊन पाणी किती सोडायचं ते सांगायचे. गेल्या वर्षी भाऊ नागपूरला दवाखान्यात होते, बैठक झाली नाही, आणि पाळीवर काठ्या चालल्या. बाबांचं कपाळ फुटलं. वरच्या गावच्या सिंधूबाईंच्या मुलाचा हात मोडला.

यंदा आमच्या गावाने बोलायला मला पाठवलं. मी आमच्या घरातली कॉलेजात जाणारी पहिलीच, आणि राज्यशास्त्र घेतलेलं, म्हणून. मी रात्रभर मुद्दे काढले होते. पण भाऊंच्या छपरीत एक रीत होती. आपली बाजू आपण मांडायची नाही. समोरच्याची मांडायची, आणि त्याने मान डोलावली तरच ती झाली असं धरायचं. मला हे माहीत होतं, तरी माझे सगळे मुद्दे धानाचेच निघाले. मग मी चाचरत मासोळीचं सांगितलं. बीज कसं आणतात, पाणी उतरलं की बगळे कसे जमतात, सिंधूबाईंच्या घरी दिवाळी कशावर होते. बोलता बोलता मला ते खरंच वाटायला लागलं. सिंधूबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "माया पोरानंही असं सांगतलं नसतं वो!" मागून आमच्या गावचा कोणीतरी ओरडला, "तू कोनाची पोरगी हायस? सोयरीक कर तिथीच!" सगळे हसले. बाबा हसले नाहीत.

भाऊ म्हणाले, "परवा येतो पाळीवर." लोक उठले तेव्हा मी मागे थांबले. आमचे एक सर वर्गात म्हणाले होते, की असे पुढारी भांडणं मिटवत नाहीत, जिवंत ठेवतात, म्हणजे लोक येत राहतात. मला ते फार लागलं होतं. मी धीर करून विचारलं, "भाऊ, हे एकदाचं काऊन नाई मिटवत?"

भाऊ म्हणाले, "मिटलं तर हे दोन गावं एकमेकांच्या तोंडाकडं पायतीन काय, बाई?"

हे उत्तर शहाणपणाचं होतं, की सरांचंच म्हणणं त्यांनी कबूल केलं? मी तेव्हा मान हलवली. आज मलाच माहीत नाही, कशाला हलवली. सांगितलेला परवाचा दिवस उजाडायच्या आत भाऊ गेले. पाणी किती सोडायचं हे त्यांच्या मनात होतं की नव्हतं, तेही गेलं.

तिसऱ्या दिवशी राख सावडून दोन्ही गावं भाऊंच्या घरी आली. आमची ट्रॅक्टरची ट्रॉली रस्त्यावर उभी होती, तिच्यात ताडपत्रीखाली काठ्या होत्या. मी पाहिल्या. वरच्या गावानेही आणल्याच असतील. भाऊंची छपरीतली बाज घरच्यांनी हलवली होती, तरी लोक आपापल्या बाजूला बसले आणि मध्ये बाजेएवढी जागा रिकामी सोडली. कोणी म्हणालं, भाऊ आमाले पानी देनार होते. दुसऱ्या बाजूने आलं, आमाले शब्द देला होता. मग दोन्हीकडचे माझ्याकडे वळले. "तू मागं थांबली होतीस. पान्याचं काय ठरवलं होतं भाऊनं?" मी बाबांच्या कपाळाकडे पाहिलं. खोटं बोलले असते तर कदाचित काठ्या निघाल्या नसत्या. कदाचित लगेच निघाल्या असत्या. मी म्हणाले, "मले नाई माहीत."

कोणीतरी उठू लागलं. तेवढ्यात सिंधूबाई म्हणाल्या, "थांबा गा. धानवाल्यायचं मी सांगते." आणि त्या सांगू लागल्या, की लोंबीत दूध भरलं आहे, आता पाणी तुटलं तर...

"चुकलं," बाबा म्हणाले. "दूध भरलंच नाई अजून. पानी भेटलं तं भरन."

"मंग तुमी सांगा आमचं, मोठे शायने!"

बाबांनी सांगितलं. फार वाईट सांगितलं. "मच्छीले काय, तळाले पानी भेटलं का झालं." वरचं गाव हसत सुटलं. त्यांनी पुन्हा सांगितलं, पुन्हा चुकले. सिंधूबाईंच्या मुलाने मान डोलावली तेव्हा ऊन अंगणातून निघून गेलं होतं. तुडुमाची वरची भोकं उघडायची आणि तळाची बंद ठेवायची, म्हणजे वरचं पाणी धानाला आणि तळचं मासोळीला, असं ठरलं.

"भाऊनं तुमाले जास्त पानी देलं असतं," सिंधूबाई उठताना म्हणाल्या.

"नाई वो बाई," बाबा म्हणाले. "तुमच्यासाठीच राखलं असतं."

आता धान कापून झाले. भाऊ कोणाच्या बाजूचे होते, हे मी घरी, गावात, स्वतःलाही विचारून पाहिलं. जो तो समोरच्या गावाचं नाव सांगतो. सरांना काय सांगावं, कळत नाही. त्या दिवशी काठ्या ताडपत्रीखालीच परत आल्या, एवढं मात्र मी पाहिलं. जाताना सिंधूबाई छपरीच्या पायरीवर थांबल्या होत्या. "पुढच्या वर्षी इथीच ना?" त्यांनी विचारलं. आमच्याकडे नाही, त्या रिकाम्या जागेकडे बघून विचारलं.